दृष्ट कुठं टाकायची

सिद्धांत पहिल्यांदा घरी आला तो मागच्या फाटकातून, आणि तेव्हाच रत्नप्रभाबाईंच्या मनातून उतरला. चांगल्या माणसानं पुढच्या दारानं यावं, बेल वाजवावी, चपला काढाव्यात. यानं मागच्या गल्लीतून येऊन गजांमधून आत हात घातला, कडी काढली आणि सरळ कुंड्यांपाशी जाऊन उकिडवा बसला. मग वर बघून म्हणाला, "नमस्कार काकू. काय जोरात आल्या न वेली!"

रत्नप्रभाबाईंनी नमस्कार घेतला आणि ते 'काय जोरात' तेवढं बाजूला काढून ठेवलं. त्यांच्या गावी, कोरेगावाकडं, दुसऱ्याच्या वेलीला असं तोंडावर कुणी म्हणत नसे. चुकून म्हटलंच तर लगेच थुंकून मोकळं होत. हा थुंकला नाही. उलट डोळे बारीक करून एकेक पान बघत बसला, सोनारानं दुसऱ्याच्या गळ्यातला दागिना बघावा तसा.

वेली काकडीच्या होत्या, आणि सुनेच्या होत्या. काकडीच्या वेलीवर कुणी कशाला डोळा ठेवील, असं कुणालाही वाटेल. त्यांनाही आधी वाटलं होतं. नवरा गेल्यावर त्या मुलाकडं, प्रणवकडं, चंडीगडला राहायला आल्या, तेव्हा शेजारच्या पंजाबी बायांनी विचारलं, बहू काय करते. त्या सांगायच्या, "पत्तों का कडवा नापती है." सांगताना तोंड वाकडं करायच्या, पण रोज कुणाला ना कुणाला सांगायच्या.

सुनेनं, ऋजुतानं, त्यांना एकदा मेथी निवडता निवडता सगळं समजावलं होतं. झाडाला पळता येत नाही. किडा आला, ऊन आलं, पाणी आटलं, तरी जागेवरच उभं राहायचं. मग ते बसल्या जागी आपलं हत्यार घडवतं. जगण्यापुरतं अन्न सगळीच झाडं करतात. पण कारल्याचा कडूपणा, मिरचीचा जाळ, पुदिन्याचा वास, हे ज्या त्या घराण्याचं खास, अडीनडीला बाहेर काढायचं.

"म्हंजे सासुरवाशिणीवानी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पळता येत न्हाई, मग जीभ कडू होती."

"अगदी तसंच, आई," ऋजुता म्हणाली, आणि दोघींनी एकमेकींकडं न बघता पुढची जुडी घेतली.

या कडूपणापायी सुनेचं तरुणपण गेलं होतं. पुण्यात तिनं कारल्यावर डॉक्टरकी केली, म्हणजे औषध न देणारी. लग्नानंतर जर्मनीला जाऊन काकडीच्या पानात कडू रस नेमका कशानं सुरू होतो ते शोधत बसली. तेवढे दिवस प्रणव मोहालीत डाळ-भातावर राहिला, आणि सून नांदत नाही का म्हणून गावात विचारणाऱ्या एकेकीचं तोंड रत्नप्रभाबाईंनी बंद केलं. मग ती इथल्या संस्थेत लागली, तीही तात्पुरती. दरसाल नवा कागद, नवी सही. त्या तात्पुरत्या नोकरीत तिनं एक बी तयार केलं. कडक उन्हात, कमी पाण्यावर काकडी कडू होते हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ऋजुताच्या बियाची होत नव्हती.

आता संस्थेत एक कायमची जागा निघाली होती. अर्ज पुष्कळ आले होते, पण धरण्यासारखे दोघांचे: ऋजुताचा, आणि या नागपूरच्या सिद्धांतचा. तो चंडीगडबाहेरच्या खरड गावात स्वस्तातल्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा आणि तिच्या हाताखाली काम करायचा. ही जागा गेली तर ऋजुताला पुन्हा कागद मिळणार नव्हता. संस्थेनं तसं सांगूनच टाकलं होतं.

बी लोकांच्या दारात जायचं, तर दारातच वाढवून बघायला हवं. म्हणून संस्थेतल्या ग्रीनहाऊसशिवाय तिनं सेक्टर अडतीसमधल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणातही कुंड्या मांडल्या होत्या. पिवळ्या पट्टीच्या कुंड्यांत तिचं बी, पांढऱ्या पट्टीच्या कुंड्यांत मनीमाजऱ्याच्या बाजारातलं साधं. सगळ्यांना सारखंच, बेताचं पाणी, आणि माती तापू नये म्हणून वर गव्हाचा भुसा. संस्थेची रीत अशी, की वाढवणाऱ्यानं तोडायचं नाही आणि तोडणाऱ्यानं मोजायचं नाही, म्हणजे कुणाला आपल्या सोयीचं माप घालता येत नाही. दर रविवारी पानं आणि काकड्या तोडून न्यायला सिद्धांत यायचा; मोजायचं तिसराच कुणी. ही रीत रत्नप्रभाबाईंना फार पटली. शास्त्र म्हणजे एकमेकांवर संशय घ्यायचा रीतसर धंदा, हे कळल्यापासून सुनेच्या कामाबद्दल त्यांचा आदर वाढला होता. फक्त तोडायला नेमका हाच का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. विचारलंही. ऋजुता म्हणाली, तो काम स्वच्छ करतो. त्या म्हणाल्या, बोकाही ताट स्वच्छच करतो.

तो गेला, की त्या वेलींची दृष्ट काढायच्या.

पहिल्या रविवारी त्यांनी रीतीप्रमाणं दृष्ट जाळायची म्हटली, तर घरात जाळच नव्हता. प्रणवनं गॅस काढून काचेची शेगडी बसवली होती. बोट ठेवलं की तापते, पण ज्योत म्हणून दिसत नाही. त्यांनी तवा ठेवून त्यात मीठ-मोहरी टाकून बघितली. मोहरी ओट्याखाली, फ्रिजखाली, कुठं कुठं उडाली आणि धुरानं नात खोकत बाहेर आली. "आजी, ये क्या जला दिया? मम्मा को बताऊँ?" अक्षरा म्हणाली. मम्माला कळायला नको होतं. ऋजुता असल्या गोष्टींवर काही बोलायची नाही, पण न बोलताना तिचा जो चेहरा व्हायचा तो रत्नप्रभाबाईंना सोसायचा नाही.

दृष्ट जाळता आली नाही तर काय करायचं, तेही त्यांच्या सासूनं सांगून ठेवलं होतं. जिथं कुणाचा पाय पडणार नाही तिथं टाकायची. पण चंडीगडात अशी जागा आणायची कुठून? मागच्या गल्लीत गाड्या, पुढच्या फूटपाथवर सकाळ-संध्याकाळ अख्खा सेक्टर फिरायला निघतो, पार्कात पोरं. सिंकमध्ये टाकावी तर तिथंच जेवायची भांडी. अंगणात उभं राहून त्यांनी बराच विचार केला, आणि मग कुंड्यांकडं बघून त्यांचं त्यांनाच हसू आलं. कुंडीत कोण मरायला पाय ठेवतंय? जिची दृष्ट तिच्याच पायाशी.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी सगळे आडवे झाले, की त्या मनीमाजऱ्याहून आणवलेलं खडेमीठ आणि मोहरी मुठीत घ्यायच्या, पिवळ्या पट्टीच्या एकेका वेलीवरून उतरायच्या, "आल्यागेल्याची, पापी माणसाची, मागल्या दारानं आलेल्याची" असं पुटपुटायच्या, आणि भुसा सारून मूठ तिथं सोडायच्या. पांढऱ्या पट्टीच्या वेलींच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. बाजारच्या बियाला कुणाची लागणार?

मे लागला तशी पिवळ्या कुंड्यांतली पानं कडेनं करपायला लागली. ऋजुता म्हणाली, ऊन. कुंड्यांच्या काठाला पांढरं आलं. ती म्हणाली, इथलं पाणी जड, बादल्यांनाही येतंच की. दृष्ट किती जबर आहे ते रत्नप्रभाबाईंना समोर दिसत होतं. त्यांनी मूठ मोठी केली.

आणि मग मोजमाप आलं. ग्रीनहाऊसमधल्या ऋजुताच्या काकड्या गोड निघाल्या आणि घरच्या कडूजहर. साध्या बियाच्या मात्र जेमतेम कडसर. सगळं उलटं. रत्नप्रभाबाईंनी स्वतः एक काकडी घेतली, देठाकडची चकती कापून तीच वर घासली, फेस काढला, पुसला, पुन्हा घासला. बोट दुखायला लागलं तरी जिभेवरचं कडू हटेना.

ऋजुता त्या रात्री जेवली नाही. कमिटी विचारील, तुमच्याच घरात तुमचं बी कडू कसं झालं, आणि आपल्याकडं उत्तर नाही, असं ती प्रणवला सांगत होती.

रत्नप्रभाबाईंकडं उत्तर तयार होतं. त्यांनी ते ताटाबरोबर वाढलं. कुंड्या तशाच आहेत, पट्ट्या बदलल्या आहेत. इकडची पट्टी तिकडं चिकटवायला कितीसा वेळ लागतो? मागल्या दारानं येणारा माणूस. कुंड्यांचे फोटो काढतो. एकदा पान चावून बघितलं आणि कागदात काहीतरी बांधून खिशात घातलं. घरात कुठलं पाणी येतं म्हणून विचारत होता. याला आपल्या पाण्याशी काय करायचंय?

ऋजुता म्हणाली, सिद्धांत तसा नाही. पण संशय विरजणासारखा असतो. चमचाभर पुरतो, वर झाकण ठेवलं की बाकीचं आपोआप होतं. दोन दिवसांनी तिला आठवलं, की आपण गेलो की तो हल्ली लॅपटॉप मिटतो. मग आठवलं, की मुलाखतीचा विषय निघाला की तो चहा आणायला उठतो. प्रणवनं पुरावा काय म्हणून विचारलं, तेव्हा रत्नप्रभाबाई म्हणाल्या, हातच्या कांकणाला आरसा कशाला. शनिवारी ऋजुतानं संचालकांना लिहायची तक्रार तयार केली आणि सासूला मराठीत सांगितली. रत्नप्रभाबाईंनी ती डोळे मिटून, पोथी ऐकावी तशी ऐकली. मंगळवारी मुलाखत, सोमवारी सकाळी तक्रार जायची होती. त्यानंतर या क्षेत्रात त्या पोराला कुणी दारात उभं केलं नसतं, मागच्या ना पुढच्या.

रविवारी रत्नप्रभाबाई स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराआड उभ्या राहिल्या. कडी वाजली. सिद्धांतनं आत येऊन इकडंतिकडं बघितलं. पिशवी खाली ठेवली, पण पानाला हात लावला नाही. पिवळ्या पट्टीच्या कुंडीचा भुसा सारला, खिशातून चमचा काढला आणि माती खरवडून तळहातावर घेतली.

त्यांनी जाऊन त्याचं मनगटच धरलं. "ऋजुता, भाईर ये. चोर घावला."

"काकू, हळू. माती सांडेल," तो म्हणाला. त्यानं हात ओढून घेतला नाही. ऋजुता ओल्या हातांनी धावत आली, तेव्हा त्यानं तळहात तसाच तिच्यापुढं धरला. "मीठ आहे, मॅडम. सगळ्या पिवळ्या कुंड्यांत आहे, पांढऱ्यांत नाही. मागच्या वेळी चिमूटभर कागदात नेऊन जिभेला लावून पाहिलं. आज नेऊन तपासणार होतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

तो खाली बघायला लागला. "काय सांगू? घर तुमचं, कुंड्या तुमच्या. मला वाटलं, तुम्हीच मिठाचं काही करून पाहून राहिल्या आणि कोणाला सांगायचं नाही. मुलाखतीच्या तोंडावर मी बोललो असतो, तर लोक म्हणाले असते जागेसाठी बोलतो."

"मी माझ्याच वेलींना मीठ घालीन?" ऋजुताचा आवाज चढला नाही, बारीक झाला. "कडी तुला ठाऊक. पिवळी पट्टी कुणाची ते तुला ठाऊक. जागा एक आहे तेही तुला ठाऊक. मागच्या दारानं येणाऱ्या माणसाला घरात घेतलं, ही माझी चूक. ती तक्रार मी उद्या पाठवणार होते. आताच पाठवते." तिनं फोन काढला.

रत्नप्रभाबाईंनी मनगट अजून सोडलं नव्हतं. सगळं त्यांच्या मनासारखं चाललं होतं. चोर हातात होता, मुद्देमाल चोराच्या हातात होता. त्यांनी तो मुद्देमाल नीट बघितला.

पांढरट मातीच्या ढेकळात दोन-चार कोंब होते. भुशाखाली वाढलेले, पिवळट, दोन दोन पानांचे. एकाच्या डोक्यावर काळं टरफल अजून तसंच होतं. शिकलेल्या दोघांच्या लेखी ते गवत होतं. रत्नप्रभाबाईंनी उभ्या जन्मात ज्या मोहरीची फोडणी दिली, ती त्यांना टरफलासकट ओळखू आली.

मग डोकं चालायला लागलं, आणि ते नेहमीच वेगानं चालायचं. बोलायची काही गरज नव्हती. ते ढेकूळ त्याच्या हातातून घ्यायचं, चुरगळायचं, की झालं. सुनेला जागा मिळते. सासूचं नाव राहतं. जातो कोण, तर परका. नागपूरला याचीही आई असेल, शेजारणींना सांगत असेल, पोरगा पानांचं काय ते मोजतो. असेना. रत्नप्रभाबाईंनी ढेकूळ घ्यायला दुसरा हात पुढं केलासुद्धा.

पण सुनेचं ते वाक्य कानातून जाईना. मागच्या दारानं येणारा माणूस. ते ऋजुताचं बोलणं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं पुटपुटणं होतं, भुशाखाली घातलेलं, आणि ते सुनेच्या तोंडून उगवून आलं होतं. या पोरीनं कधी कुणाला वावगं बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. सासूलासुद्धा नाही, आणि सासूनं संधी काही कमी दिल्या नव्हत्या.

"फोन ठिव," त्या म्हणाल्या. "मीठ माझं हाय. मोहरी बी माझीच."

ऋजुताला ते कळायला वेळ लागला. रत्नप्रभाबाईंनी कोंब तिच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं. मान खाली घातली नाही. दृष्ट जाळायची असते, हे काही आपण शोधून काढलेलं नाही. घरात जाळ ठेवला असता तर ही वेळ आली नसती. काचेवर कुणाची दृष्ट जळते?

ऋजुता पालथ्या बादलीवर बसली. "दर वेळी किती घालत होता, आई?"

"मूठभर. पानं करपली तशी वाढवली."

"फक्त पिवळ्यांत?"

"तुझ्याच. बाकीच्यांशी माझं काय?"

ऋजुतानं ओंजळीत तोंड घेतलं. ती हसतेय की रडतेय ते रत्नप्रभाबाईंना कळेना, आणि विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. सिद्धांत भिंतीकडं बघत होता. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, पण म्हणजे मिठात तुमचं बी पण कडू होते. बाजारच्यापेक्षा जास्त होते की कमी, ते माहीत नाही, पण होते."

"हो," ओंजळीतूनच ऋजुता म्हणाली. "तेच बघतेय मी. पाणी तोडलं तर गोडपणा टिकतो, मिठात नाही. मंगळवारी सांगावं लागणार."

"कशापायी?" रत्नप्रभाबाई उसळल्या. "घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे. ह्यो बोलंल म्हणून?"

"हा नाही बोलला तरी मला कळलंय ना आता."

"मग जागा?"

"बघू, आई."

मग तिनं एक असं केलं, की रत्नप्रभाबाईंना तिचा रागच आला. तक्रार गुपचूप पुसून टाकायची, तर तिनं फोन सिद्धांतच्या हातात दिला. "मी तुझ्यावर हे लिहिलं होतं. वाच." त्यानं वाचलं. कान लाल होत गेले. त्यानं फोन परत दिला.

"मागच्या दारानं येतो, तेवढं खरं आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी पुढं बेल वाजवली होती. काकूंनी भोकातून पाहिलं आणि दार काही उघडलं नाही."

ते खरं होतं. रत्नप्रभाबाईंनी ते ऐकू न आल्यासारखं केलं.

त्यानं पानं तोडली, पिशवी भरली, आणि जाता जाता थांबला. "काकू, मंगळवारी मी पण आहे मुलाखतीला. माझी पण काढून टाका न दृष्ट."

हा टोमणा, की खरंच? रत्नप्रभाबाईंनी त्याचा चेहरा वरून खाली बघितला. काही थांग लागेना. तसं, हा मंगळवारी ऋजुताच्या आधी आत गेला आणि मिठाची गोष्ट आपणच शोधल्याचं सांगून बसला तर? चमचा याचा, जीभ याची. साधा दिसणारा माणूस त्यांना कधीच साधा वाटला नव्हता, आणि एका सकाळीत कुणाचा स्वभाव बदलत नाही. तरी त्या आत गेल्या, बरणीतून मीठ-मोहरी घेऊन आल्या आणि दोघांनाही पूर्वेकडं तोंड करून शेजारी शेजारी उभं केलं. ऋजुतानं डोळे मिटले. त्यानं मान वाकवली.

"आल्यागेल्याची, पापी माणसाची," त्या ओवाळत म्हणाल्या. पुढचं जिभेवर आलं आणि थांबलं. मागच्या दारानं आलेला समोरच मान वाकवून उभा होता. "घरच्या म्हातारीची," त्या घाईघाईनं, कडू औषध घ्यावं तशा म्हणाल्या.

ऋजुतानं एक डोळा उघडला, आणि पुन्हा मिटला.

ओवाळून झालं. मूठ तशीच हवेत राहिली. सवयीनं पाय कुंड्यांकडं वळले आणि जागच्या जागी थांबले. ऋजुता आत गेली आणि स्टीलची वाटी घेऊन आली.

"इकडं द्या, आई."

रत्नप्रभाबाईंनी वाटीत मूठ उघडली. मीठ घामानं तळव्याला चिकटलं होतं. त्यांनी ते झटकलं, आणि झटकता झटकता हळूच नजर वर करून बघितलं. सिद्धांत फाटकाशी उभा होता, कडीला हात लावून, आणि वेलींकडंच बघत होता.